बिनबैलांच्या बारा गाड्या

पंढरी दामाजी मढवी आमच्या नगरपालिकेत नकाशे तपासायचा. गावाचं नाव मी सांगणार नाही. ठाण्याहून कल्याणकडे जाताना खाडीच्या काठी आहे, एवढं पुरे. या हकिकतीतली निम्मी माणसं अजून हयात आहेत आणि त्यांच्यातला एक मी आहे. मी श्रीपाद दातार, जावक कारकून. कचेरीतून बाहेर जाणाऱ्या कागदावर नंबर घालायचा, शिक्का मारायचा आणि शिपाई रजेवर असला की स्वतःच कागद पोचवून यायचं, हे माझं काम. या कामात अक्कल लागत नाही. मी ती कधी वापरली नाही, आणि एकदा वापरायला हवी होती तेव्हाही वापरली नाही.

पंढरी खारआळीचा. खारआळी म्हणजे गावाबाहेर मिठागराच्या बांधापलीकडची आगऱ्यांची चाळीस घरांची वस्ती. बाप दामाजी, आजा, पणजा, सगळ्यांचं आयुष्य मीठ ओढण्यात गेलं. त्या वस्तीतला पहिला मॅट्रिक म्हणजे पंढरी. स्वातंत्र्यानंतरच्या वर्षी तो नोकरीला लागला तेव्हा दामाजीने कचेरीत पेढे वाटले होते, अगदी माझ्यासकट सगळ्यांना, आणि मी हात धुऊन तो पेढा खाल्ला होता. हात आधी धुतला की नंतर, ते आता विचारू नका. तेव्हा आम्ही तसे होतो.

त्याची नकाशा तपासायची एक तऱ्हा होती. नकाशाची निळी प्रत, म्हणजे फेरो, टेबलावर पसरायचा, चारी कोपऱ्यांवर दौती ठेवायच्या आणि उजव्या हाताची दोन बोटं नकाशावर चालवायची. बोटं फाटकातून आत शिरायची, ओटा चढायची, जिन्याने वर जायची, संडासाकडे वळायची, परत यायची. कुठे अडली की पंढरी मान वाकडी करून थांबायचा आणि नकाशा शेरा मारून परत जायचा. आम्ही त्याची यथेच्छ टिंगल करायचो. "मढवी, आज कुठवर चालून आलात? पाय दुखले असतील," असं मी रोज म्हणायचो. तो हसायचा. पण त्याने पास केलेल्या घरात कुणाचं डोकं जिन्याला आपटलं नाही, हेही खरं.

त्रेपन्न साली गुणाजीशेठचा नकाशा आला. गुणाजीशेठची लाकडाची वखार होती आणि बाजाररस्त्याला लागून मोठी मोकळी जागा होती. तिथे त्याला दुमजली इमारत बांधायची होती, खाली-वर मिळून अठरा दुकानं. मुंबईचा आर्किटेक्ट, गोल कोपऱ्याचा सज्जा, वर सिमेंटची अक्षरं. चीफ ऑफिसर साहेबांनी तो फेरो सगळ्या कचेरीला दाखवला. आपल्या गावात असं काही होणार म्हणून आम्हीही हरखून गेलो होतो.

दुकानांच्या इमारतीसाठी आमच्याकडे नियम होता की मालाच्या गाड्या रस्त्यावर उभ्या राहू नयेत, त्यासाठी जागेतच गाडीतळ हवा. दर तीन दुकानांमागे दोन गाड्या. म्हणजे अठरा दुकानांना बारा. आर्किटेक्टने इमारतीपुढच्या अंगणात बारा चौकोन नीट आखून आत 'गाडी', 'गाडी' असं बारा वेळा लिहिलं होतं. पंढरीने त्या चौकोनांवर बोटं चालवली आणि मान वाकडी केली. मग खिशातून चिंचोके काढून प्रत्येक चौकोनापुढे दोन-दोन ठेवले. पाचव्या चौकोनानंतर चिंचोक्यांना जागा उरली नाही.

"दातार, इकडे बघा," तो म्हणाला. "यात गाड्या आहेत, बैलच नाहीत."

मी म्हटलं, "बैल आर्किटेक्टकडे असतील."

तो हसला नाही. त्याने मला समजावून सांगितलं. नुसती गाडी दहा फूट, पण दांडी आणि जुंपलेले बैल धरले की वीस. शिवाय बैलगाडी मागे सरत नाही, तिला वळायला जागा लागते. बाजाराच्या दिवशी माल उतरवायला गाडीवान अर्धा तास थांबणार, तेवढ्यासाठी कोण बैल सोडतो? अंगणात धड पाच गाड्या मावतील, बाकीच्या वाटेत उभ्या राहतील.

आणि वाट म्हणजे खारआळीची वाट. ती मिठागराच्या बांधावरून यायची आणि याच अंगणाच्या कडेने बाजाररस्त्याला लागायची. सरकारी नकाशात ती नव्हतीच, कारण बांध म्हणजे रस्ता नव्हे. जागा मोकळी होती म्हणून पिढ्यान्‌पिढ्या गाड्या जात होत्या, कुणी अडवलं नव्हतं. खारआळीच्या बाकी तिन्ही बाजूंना खाडी, चिखल आणि मिठाचे वाफे. अंगण गच्च भरलं की चाळीस घरांना गाडीने बाहेर पडायला दुसरी वाट नाही. त्या वाटेला वाचवणारा एकही नियम पुस्तकात नव्हता. पंढरीच्या हातात होता तो फक्त गाडीतळाचा नियम. त्याने शेरा लिहिला: 'बैलांसह बारा गाड्या मावत नाहीत. इमारत वीस फूट मागे घ्यावी अथवा दुकाने कमी करावीत.'

गुणाजीशेठ काही आरडाओरडा करणाऱ्यांतला नव्हता. तो साहेबांच्या खोलीत बसला, चहा प्याला आणि एवढंच म्हणाला की तपासणारा माणूस खारआळीचा आहे, त्याचं मन तिकडे ओढणारच. बस्स, एवढं वाक्य पुरलं. साहेबांनी हुकूम काढला की अध्यक्षांच्या आणि बांधकाम समितीच्या समोर, जागेवर फक्कीने चौकोन आखून, खऱ्या गाड्या लावून बघायचं. पंढरीने विनंती केली की गाड्या शेठच्या वखारीतल्या नकोत, वापरणाऱ्या लोकांच्या हव्यात, खारआळीच्याच हव्यात. साहेब कबूल झाले, पण एक अट घातली आणि ती लेखी दिली. पंढरीने या बाबतीत वस्तीतल्या कुणाशीही, घरच्यांशीसुद्धा, चकार शब्द बोलायचा नाही. बोलला असं कळलं तर शेरा रद्द आणि नोकरीचाही विचार करावा लागेल.

दुसरा कुणी असता तर घरी जाऊन भाकरी मोडता मोडता सगळं सांगून मोकळा झाला असता. पंढरी नियमाचा माणूस. आठ दिवस तो घरात मुका झाला. बायको शालू हिने नंतर मला सांगितलं, बाप विचारायचा, "काय झालाय रं?" आणि हा म्हणायचा, "कचेरीचं आहे, बाबा."

नोटीस मी लिहिली आणि शिपाई रजेवर होता म्हणून मीच खारआळीत घेऊन गेलो. दामाजीच्या ओट्यावर माणसं जमली. मी खणखणीत वाचलं: 'नियोजित इमारतीच्या गाडीतळात बारा गाड्या सामावतात किंवा कसे हे पाहणेसाठी बारा गाड्या बैलांसह हजर ठेवाव्यात.'

दामाजी पुढे आला. उंच, वाळलेला, कानावर विडी. "म्हंजे मास्तर," त्याने विचारलं, "आमचे पंढरीचे कागदावर बारा गाऱ्या हायत?"

मी म्हटलं, "हो, बारा."

"आन् त्या मावतान का नाय, ता सायब बघनार?"

"हो."

दामाजी मागे वळला आणि लोकांना म्हणाला, "मंग मावल्याच पायजेत. पोराचा कागद खोटा परला तं त्याची नोकरी ऱ्हाल कं?"

मी हे ऐकलं. माझ्या या दोन कानांनी ऐकलं. अटीने बांधला होता पंढरी, मी नव्हतो. 'अहो दामाजी, उलट आहे, मावू नयेत म्हणून तर सगळं चाललंय,' एवढं एक वाक्य मी बोललो असतो तर माझं काय जाणार होतं? पण ऊन वाढत होतं, मला परत जायचं होतं, आणि साहेबांची भीतीही होती. मी त्याचा अंगठा घेतला, पोच खिशात घातली आणि निघालो.

आगऱ्यांच्या लग्नात वऱ्हाड गाड्यांनी येतं आणि मांडवापुढे जागा थोडी असते. मग यजमानाकडचे बापये बैल सोडून लांब नेऊन बांधतात, रिकाम्या गाड्या हातांनी उचलून चाकाला चाक लावतात आणि मागे उलाळून दांड्या वर आकाशाकडे करतात. ज्याच्या दारात अशा जास्त गाड्या मावल्या त्याची वाहवा होते. या कामात दामाजीचा हात धरणारा पंचक्रोशीत कुणी नव्हता. लोक त्याला मुद्दाम बोलावून न्यायचे.

त्या सकाळी आम्ही साडेआठला जागेवर पोचलो. अध्यक्ष, समितीचे चौघे, साहेब, गुणाजीशेठ, वहीसाठी मी, आणि शेऱ्याचा गुंडाळलेला कागद काखेत घेऊन पंढरी. अंगणात बारा गाड्या उभ्या होत्या. धुतलेल्या, चाकांना चाकं भिडलेली, बाराच्या बारा दांड्या सरळ वर. फक्कीच्या चौकोनांबाहेर एकही चाक नव्हतं. शिवाय कडेने माणूस जाईल एवढी जागाही सोडली होती. एकही बैल दिसत नव्हता.

दामाजी फेटा बांधून उभा होता. असा फेटा तो फक्त लग्नात बांधायचा. बारा गाडीवान घामाघूम होऊन त्याच्या मागे रांगेत उभे होते, आणि सगळ्यांच्या तोंडावर आनंद मावत नव्हता.

"बैल कुठे आहेत?" पंढरीने विचारलं.

"बैल पार बांधावं नेलंन," दामाजी साहेबांकडे बघत म्हणाला. "सायबांचे पायान शेन नको याला. बारा काय, चौदा लावून दावतो. सांगा तं खरा!"

अध्यक्ष हसले. समितीवाले हसले. गुणाजीशेठ तेवढा हसला नाही, त्याने पुढे होऊन दामाजीला नमस्कार केला. साहेब पंढरीला म्हणाले, "मढवी, ही तुमचीच माणसं. आणखी काय पुरावा पाहिजे?"

पंढरीने तोंड उघडलं. मी त्याच्या शेजारीच होतो. हे असं लावलेलं चालत नाही, हे लग्नातलं आहे, बाजारात कुणी असं करत नाही, माझ्या बापाला काही कळलेलं नाही, हे सगळं त्याच्या ओठांवर आलेलं मला दिसलं. मग त्याने बापाकडे पाहिलं. सत्तरीला टेकलेला तो म्हातारा अध्यक्षांसमोर, अख्ख्या वस्तीसमोर, आयुष्यात पहिल्यांदा मुलाच्या कचेरीच्या उपयोगी पडला होता. त्याला तिथे सगळ्यांदेखत मूर्ख ठरवायचं. पंढरीने तोंड मिटलं. मी वहीत लिहिलं: 'बारा गाड्या सामावतात. हरकत निकाली.' खाली त्याची सही घेतली. अक्षर नेहमीसारखंच नेटकं आलं.

इमारत वर्षात उभी राहिली. पहिल्या बाजाराच्या दिवशीच अंगणात सात गाड्या बैलांसह आडव्यातिडव्या अडकल्या आणि उरलेल्या बांधाच्या तोंडाशी लागल्या. खारआळीचं मीठ बाहेर पडेना, लाकूडफाटा आत जाईना. लोक चिडले, दुकानदारांशी भांडले, मग सवय करून घेतली. बाजाराच्या दिवशी गाडी जुंपायचीच नाही असं ठरवून टाकलं. पण सगळं काही वार बघून येत नाही.

छप्पन सालच्या माघात, बाजाराच्याच दिवशी, भिवा केण्याची सून मालन अडली. सुईणीने हात टेकले. डॉक्टरकडे न्यायला गाडी जुंपली ती बांधावरून आली आणि अंगणाच्या तोंडाशी थांबली. पुढे गुळाच्या, कांद्याच्या, कौलांच्या गाड्या. पुढची निघाल्याशिवाय मधली निघेना, आणि पुढच्या गाडीचा मालक कुठे चहाला गेला होता. भिवाने दुकानादुकानांतून धावत बोंब मारली. शेवटी लोकांनी मालनला झोळी करून उचललं आणि बैलांच्या शिंगांमधून नेलं. त्याला दीड तास लागला. मालन वाचली. मूल मेलेलं जन्माला आलं, मुलगा होता.

त्यानंतर खारआळीत एकच बोलणं सुरू झालं. ही इमारत इथे होऊ दिली कुणी? कागदावर सही कुणाची? सही पंढरीची होती. मग शेठने त्याला किती चारले याचे आकडे लोकांनी आपापल्या मनाने ठरवले. विहिरीवर शालूला बायका जागा देईनात. पंढरीने एक शब्द काढला नाही. काय काढणार? खरं सांगायचं तर गाड्या कुणी लावल्या तेही सांगावं लागलं असतं.

मी त्याला म्हटलं, "मी येतो. मी सांगतो सगळ्यांना. नोटीस मीच वाचली होती."

"काय सांगणार?" तो म्हणाला. "भिवाचा नातू माझ्या बापामुळे गेला, हे?"

गप्प बसणं मला फार छान जमतं.

तरी एका रविवारी सकाळी मी त्याच्या घरी गेलो. काही ठरवून नाही, जीव राहवेना म्हणून. दामाजी ओट्यावर बसला होता. विडी विझलेली, तशीच बोटांत. भिवा नुकताच तोंडाला येईल ते बोलून गेला होता. पंढरी उंबऱ्यात उभा होता.

"पंढरी," म्हातारा म्हणाला, "दोन रोज माझे डोक्यात एकच घोलतंय. त्या दिशी बारा गाऱ्या मी लावल्या. बैल सोरून लावल्या. त्या तशा लावल्या म्हनून त सायबान हो बोलला नाय ना? माझेपाई त वाट गेली नाय ना रं?"

मी पंढरीकडे पाहिलं. तो एक क्षणही थांबला नाही.

"नाही बाबा. तुमच्या गाड्यांचा काही संबंध नाही. ते सगळं आधीच ठरलं होतं. लोक म्हणतात ते खरं आहे. मी शेठचे पैसे खाल्ले."

दामाजी माझ्याकडे वळला. "मास्तर, खरा हाय कं?"

पंढरीने माझ्याकडे पाहिलं. हात जोडले नव्हते, पण जोडल्यासारखंच होतं ते. मी म्हटलं, "हो."

म्हातारा उठला, आत गेला, आपली वळकटी बांधली आणि त्याच दुपारी लेकीकडे, शकूकडे, ठाकुर्लीला निघून गेला. जाताना तो भिवाच्या दारात थांबला आणि त्याच्या पाया पडला. वयाने भिवा त्याच्याहून दहा वर्षांनी लहान. पंढरी वळकटी घ्यायला पुढे झाला, तर म्हाताऱ्याने ती दुसऱ्या खांद्यावर घेतली.

पुढे दोन वर्षं पंढरी दर रविवारी ठाकुर्लीला जायचा. शकू त्याला चहा द्यायची. दामाजी परसात जाऊन बसायचा तो पंढरी निघेपर्यंत आत यायचा नाही. कचेरीत पंढरी नकाशे तपासत होताच, पण बोटं चालवणं त्याने सोडलं. नियमाचं पुस्तक उघडायचं, आकडे जुळवायचे, सही करायची. आम्ही टिंगल करणं केव्हाच थांबवलं होतं.

अठ्ठावन्नच्या वैशाखात शकूचा निरोप आला की बाबांचं काही खरं नाही. पंढरीबरोबर मीही गेलो. दामाजी खाटेवर होता, श्वास लागलेला, शुद्ध होती. शकूने तुळशीचं पान घातलेलं पाणी पळीत घेतलं आणि पळी पंढरीच्या हातात दिली. पंढरी वाकला. "बाबा, पाणी."

म्हाताऱ्याने डोळे उघडले, त्याला ओळखलं आणि ओठ घट्ट मिटून मान भिंतीकडे वळवली.

आता तरी सांग, असं मी मनात म्हणत होतो. आता तरी सांग रे, नाहीतर मी सांगतो. मी एक पाऊल पुढे टाकलं. पंढरीने मागे न बघता माझं मनगट धरलं आणि दाबलं, दुखेल इतकं. पळी त्याने शकूला परत दिली. तिच्या हातचं पाणी म्हातारा प्याला. तासाभराने गेला.

स्मशानातून आम्ही रुळांच्या कडेकडेने चालत निघालो. खारआळीजवळ आलो. बाजाराचा दिवस होता, इमारतीपुढचं अंगण गाड्या-बैलांनी गच्च भरलं होतं आणि आम्हाला बांधावर चढायला वाट मिळेना. एका गाडीच्या दांडीखालून तो वाकून पलीकडे गेला, मग माझ्यासाठी थांबला.

"दातार," तो म्हणाला, "त्याला कळलं नाही ना शेवटपर्यंत?"

मी म्हटलं, "नाही. नाही कळलं."

"मग झालं," पंढरी म्हणाला, आणि घराकडे चालू लागला.